तेलाच्या दाबाचा काटा

नोव्हेंबर १९९८, दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ. गंगापूर रोडवरच्या आमच्या घराचा पोर्च. हजर : मी, अमेरिकेहून दिवाळीला आलेला आणि अजून न गेलेला माझा धाकटा भाऊ, माझे यजमान (हातात पेपर, पण हजर), वडिलांची गाडी. गैरहजर : मिस्त्री. त्यांना मुद्दाम बोलावलं नव्हतं.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीत आहे. त्याखाली कामांची यादी आणि प्रत्येक कामापुढे खूण.

गाडी म्हणजे दोन सीटची, उघड्या टपाची, हिरवी इंग्रजी स्पोर्ट्स गाडी. वडिलांनी ती मी शाळेत असताना देवळालीतल्या एका गृहस्थांकडून घेतली, आणि तेव्हापासून ती एकाच मिस्त्रींच्या हाताखाली होती. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली. गाडीबरोबर मिस्त्रीही आले. मी बेचाळीस वर्षांची झाले तरी त्यांच्या लेखी बेबीताईच होते.

त्या वर्षी इंजिन खाली उतरवावं लागलं. क्रँकची बेअरिंग वाजत होती. गॅरेजात त्यांना शेल म्हणतात. पातळ, अर्धगोल पट्ट्या असतात त्या. मिस्त्रींनी नवे घातले असं सांगितलं. आमच्याकडे वडिलांपासूनची एक रीत होती : काम झालं की काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून घरी द्यायचे. मिस्त्री न मागता देत. या वेळी पिशवीत रिंगा होत्या, गॅस्केटं होती, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा होत्या. शेल नव्हते.

"शेल कुठायत, मिस्त्री?"

"नमुन्याला मुंबईला धाडलेत. साइज जुळवाया लागती ना. आले का देतो."

हे सांगताना ते माझ्याकडे नाही, यजमानांकडे बघत होते. माझ्या यजमानांना टायरमध्ये हवा किती भरायची हेही ठाऊक नाही. माझ्या मनात शंका शिरली ती तिथे. वडील असते तर शेल आले असते. बाईमाणूस बघून जुनेच परत बसवले असतील, तर मला कसं कळणार?

कळण्याचा एकच मार्ग होता. शेल झिजलेले असले की तेलाचा दाब टिकत नाही. या गाडीत दाबासाठी फक्त एक लाल दिवा होता. दाब पार बसला की लागणारा. मला आकडा हवा होता. भावाला फोनवर सांगितलं, येताना दोन मीटर आण : एक तेलाच्या दाबाचा, एक तेलाच्या तापमानाचा.

"ताई, लोक चॉकलेटं मागवतात," तो म्हणाला. पण त्याने आणले.

वडिलांच्या लाकडी डॅशबोर्डला मी भोक पाडू दिलं नाही. खाली अॅल्युमिनियमची पट्टी अडकवून त्यात दोन्ही मीटर बसवले. तापमानाचा सेंडर, म्हणजे इंजिनात बसून मीटरला आकडा पाठवणारी नळी, तेल सोडायच्या बोल्टच्या जागी, तांब्याचा वॉशर घालून बसला. दाबाच्या सेंडरला मात्र अडचण आली. मीटर अमेरिकन, इंजिन इंग्रजी. आटे दोन वेढे फिरून अडकत. सातपूरच्या एका लेथवाल्याकडून पितळी टी करून घेतला : एक तोंड इंजिनात, एकात जुन्या लाल दिव्याचा स्विच, एकात नवा सेंडर. लेथवाला काम करताना सारखा बाहेर रस्त्याकडे बघत होता. अशा माणसाने पाडलेल्या आट्यांवर माझा विश्वास बसेना. तेल गळून इंजिन जायला नको म्हणून मी नळाला लावतात ती पांढरी टेप घेतली आणि टीच्या आट्यांना सात वेढे दिले. दाबाच्या सेंडरलाही दिले.

"नळ नाहीये तो, ताई," भाऊ म्हणाला.

"गळला तर तू विमानात असशील. पुसायला मी."

चावी फिरवली. लाल दिवा अगदी मंद लागला. वहीत लिहिलं : बल्ब बदलणे. गाडी सुरू झाली, दिवा गेला, काटे हलले. भावाला शेजारी बसवून मी त्र्यंबक रोडने निघाले. तापमानाचा काटा हळूहळू चढून जिथे थांबायला हवा तिथे थांबला. दाबाचा काटा पंधरावर थरथरत होता. गरम इंजिनाला चाळीस-पन्नास हवा. सिग्नलला थांबले तर पाचवर आला.

मी गाडी वळवली ती थेट गॅरेजात नेली. रविवार होता, पण मिस्त्री तिथेच खुर्ची टाकून बसलेले असायचे.

ते वाकून बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. मग इंजिनाजवळ कान नेला.

"आवाज नाय काय नाय. काटा खोटं बोलतोय, बेबीताई."

"शेजारचा काटा खरं बोलतो आणि हाच खोटं? दोन्ही एकाच डब्यातून आलेत."

"दाब नसता तर लाल दिवा लागला असता ना?"

"दिवा कधीचाच मंद आहे. बल्ब गेलाय."

"कधीचा? मी दिली तवा चांगला लागत व्हता."

मला वाटलं, हे पळवाटा शोधताहेत. मी सरळ विचारलं, "शेल जुनेच घातलेत ना?"

गॅरेजात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनी माना वळवल्या. मिस्त्रींनी हातातलं फडकं बॉनेटवर ठेवलं.

"खोला इंजिन. आत्ता. माझ्यासमोर खोला. जुने निघाले तर गॅरेजची चावी तुमच्या हातात देतो."

मी खोललं नाही. पुन्हा महिनाभर गाडी त्यांच्याच ताब्यात राहणार, आणि त्या महिन्यात ते काय बदलतील याची खात्री कोण देणार, असा माझा हिशेब. त्यांचं फडकं बॉनेटवरून उचलून त्यांच्या हातात दिलं आणि निघाले. वाटेत भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, लय बोललीस." तो नाशिकचं लय फक्त चिडला की बोलतो.

त्यानंतर जुन्या गाड्या बाळगणारे जे चार-पाच लोक गावात होते, त्यांना मी ही गोष्ट सांगितली. एकदा नाही, विचारतील तेव्हा. दोघांनी आपल्या गाड्या मिस्त्रींकडून काढल्या हे मला नंतर कळलं. तेव्हा बरंच वाटलं होतं. गाडी मी पोर्चात झाकून ठेवली. पंधरा दिवसांतून एकदा कॉलनीला चक्कर, तीही काट्यावर नजर ठेवून. पंधरा. पाच. पंधरा.

२००५ च्या उन्हाळ्यात वायरिंग कुजली म्हणून एका तरुण ऑटो इलेक्ट्रिशियन बाईंना बोलावलं. शहरात नव्यानेच काम करू लागल्या होत्या. मी यादी दिली. त्यात सातवं काम : लाल दिव्याचा बल्ब बदलणे.

"बल्ब चांगलाय, मॅडम," त्या दिवा काढून म्हणाल्या. मग इंजिनाकडे वाकल्या आणि हसल्या. "ही टेप कोणी लावली?"

"मी. का?"

"सेंडरला परतीची वायर नसते. त्याचं अर्थिंग आट्यांतून इंजिनाला मिळतं. तुम्ही मध्ये टेप गुंडाळून ठेवलीय. दिवा मंद लागणार, काटा खाली पडणार."

त्यांनी टी काढला, आटे ब्रशने घासले, टेपेऐवजी खाली तांब्याचा वॉशर घातला. तापमानाच्या सेंडरखाली होता तसाच. चावी फिरवली. लाल दिवा लख्ख लागला. गाडी सुरू केली, वीस मिनिटं तापू दिली. काटा पंचेचाळीसवर उभा राहिला. गळतीही नव्हती. सातपूरच्या माणसाने आटे उत्तम पाडले होते.

त्या गेल्यावर मी जुनी वही काढली. 'बल्ब बदलणे' ही ओळ सात वर्षं एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवत आले होते. मिस्त्रींनी त्या दिवशी बोट ठेवलं होतं ते नेमकं त्या ओळीवर.

जुने शेल कुठे गेले, ते अजून कळलेलं नाही. खरंच मुंबईत राहिले असतील. मनाचा एक कोपरा अजून म्हणतो, नसतीलही. पण इंजिनात जे आहे ते नवं आहे, आणि मी चार माणसांत उलटं सांगत फिरले.

मिस्त्रींचं गॅरेज तोवर बंद झालं होतं. ते मखमलाबादला मुलाच्या भाजीच्या मळ्यात राहतात असं कळलं. घरापासून वीस मिनिटं. मी दोनदा निघाले. एकदा गाडीत पेट्रोल कमी असल्याचं आठवलं, एकदा पाहुणे येणार होते. त्या चार-पाच लोकांपैकी तिघांना फोन करून खरं काय ते सांगितलं. वहीत त्यांच्या नावांपुढे खूण आहे.

त्या यादीत शेवटची ओळ अशी : मिस्त्रींकडे जाणे, गाडी घेऊन, त्यांना काटा दाखवणे. वह्या बदलल्या, ओळ उतरवते आहे. तिच्यापुढे अजून खूण नाही.