फुकट देणाऱ्यांची यादी

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आश्रमशाळेत शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. तो दिवस आठवला की अजून कान तापतात.

मी शहाद्याचा, केळीवाल्या घरातला. घरी अहिराणी, शाळेत मराठी, आणि नोकरी सुटल्यावर घरात बसून शिकलो ती डार्ट नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा. ती कुणाच्या बापाची नाही, हे मला फार आवडलं. ओपन सोर्स, म्हणजे एका कंपनीने सुरू केलेली, पण जगभरच्या लोकांनी भर घालून फुकट वाटलेली. एकदा लिहिलं की स्वस्तातल्या मोबाइलवर चालतं आणि शाळेतल्या कॉम्प्युटरवरही.

त्या भाषेत मी पहिलीच्या पोरांसाठी ॲप केलं. घरात पावरी ही आदिवासी बोली बोलणारी ही पोरं शाळेत आली की मराठीपुढे मुकी होतात. ॲपमध्ये चित्राला बोट लावलं की आधी पावरी शब्द ऐकू येतो, मग मराठी. मला स्वतःला पावरीतलं ओ की ठो कळत नव्हतं. शब्द दिले शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मावशींनी; त्यांच्या घरची बोली पावरी, माझ्याशी मात्र त्या अहिराणीत बोलायच्या. दुपारची भांडी घासून झाली की त्या धान्याच्या खोलीत येऊन बसायच्या, कारण तिथे गलका पोचत नसे. त्यांचा आवाज टिपायला मी मोबाइल पुढे धरायचो. अशा अकरा दुपारी. इंटरनेटवरून उतरवलेलं भाकरीचं चित्र दाखवलं, तर मावशी शब्दच देईनात. "हाई आमनी भाकर नही," म्हणाल्या आणि आत जाऊन स्वतःच्या हातची घेऊन आल्या. मी तिचा फोटो काढला, तेव्हा कुठे शब्द मिळाला.

सत्काराला मी भाषण ठोकलं. बोलायला मिळालं की मी वाहवत जातो, ही जुनी खोड. "ओपन सोर्सचा धर्म एकच," मी म्हणालो, "ज्याचं घेतलं, त्याचं नाव ठेवायचं. माझ्या ॲपमध्येही सगळ्यांची नावं आहेत!" टाळ्या पडल्या. मावशी चहाची किटली घेऊन दारात उभ्या होत्या.

कार्यक्रम आटोपल्यावर त्या पदराला हात पुसत माझ्याकडे आल्या. "नावं दखाड बरं, भाऊ."

मी मोबाइलवर ॲपमधलं नावांचं पान उघडून दिलं. इंग्रजी नावांची लांबच लांब यादी. त्या बोटाने वर सरकवत राहिल्या. सहीपुरतं स्वतःचं नाव त्यांना ओळखता यायचं, तेवढंच त्या शोधत होत्या.

"या कोन शेतस?"

"ज्यांनी आपलं काम फुकट दिलं ते."

"मी बी फुकटच दिन्हं ना?"

माझ्या तोंडून निघालं, "मावशी, ती यादी आपोआप बनते. मशीन बनवतं." खोटं नव्हतं ते. पण पहिल्या पानावर 'निर्मिती' म्हणून स्वतःचं नाव मी ठसठशीत टाईप केलं होतं, ते करायला कुठलं मशीन आलं होतं? आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या आणि वर शाल पांघरून मोकळा झालो. मला लाज वाटली, आणि ती झाकायला मी घाई केली.

"आत्ता टाकतो," म्हणत लॅपटॉप उघडला. माझ्या नावाच्या वर जागा केली, 'शब्द आणि आवाज' असं लिहिलं, आणि बोटं थांबली. मावशींचं नाव मला माहीत नव्हतं. अकरा दुपारी मी त्यांना नुसतं मावशी म्हणत होतो. फोनमध्ये त्यांचा नंबर 'किचन' म्हणून होता. आता विचारायचं तरी कसं?

त्यांनी त्या रिकाम्या ओळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड आणून लॅपटॉपवर ठेवलं.

"यामा दखीसन लिख," त्या म्हणाल्या. "बराबर लिख."

मी खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर टाकली आणि कार्डावरून एकेक अक्षर उतरवू लागलो. शेवटचं अक्षर येईपर्यंत त्या शेजारी उभ्या होत्या.