सातवा मणका

माझी बायको गेली, तिलाही हे ठाऊक नव्हतं. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीटसं कळत नाही.

परभणीच्या दवाखान्यात मी तेव्हा नवा डॉक्टर होतो. हैदराबादेत शिकलेला, त्यामुळे जरा ताठच. बोरीचा दगडू शेळ्यांना पाला तोडताना कडुलिंबावरून पडला. गावच्या हाडवैद्यानं, लिंबाजीनं, त्याला फळीवर निजवलं, डोक्याला दोन्हीकडून विटा लावल्या आणि बैलगाडीतून स्वतः घेऊन आला.

"सायेब, मान हलवू नगा. खाली, खांद्यापाशी, कायतरी सरकलंय."

मी हसलो. अंगठ्यानं चाचपणारा माणूस मला शिकवणार? फोटो काढला. एक्स-रेची फिल्म अजून ओली, पाणी गळतंय — आणि मी ती खिडकीशी धरून सांगून टाकलं, हाड शाबूत आहे. विटा मीच काढायला लावल्या. दगडूला उठवून बसवलं, घरी धाडलं.

मानेच्या फोटोत आधी मणके मोजायचे असतात. सात दिसले नाहीत तर खांदे खाली ओढून पुन्हा फोटो काढायचा. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळलेली फिल्म पाकिटात घालताना मी मोजले. सहा. पुन्हा मोजले — सहाच. सातवा खांद्याआड. बोरीची मोटार दवाखान्यासमोरूनच जायची. एक निरोप पुरला असता. मी पाकिटावर नाव लिहिलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

चौथ्या दिवशी दगडूला परत आणलं. छातीखालचं अंग लुळं, हाताची बोटं मिटत नव्हती. या वेळी खांदे ओढून फोटो काढला. सातवा मणका सरकलेला होता. दगडूच्या बायकोनं विचारलं, "लिंबाजीनं मान चाचपली म्हणून झालं का, सायेब?"

मी — हो म्हणालो.

लिंबाजी दाराशीच उभा होता. त्यानं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, पटका नीट केला आणि निघून गेला. विटा लावणाऱ्या त्या माणसाकडे पुढे बोरीतलं कुणी लचकलेला पायसुद्धा दाखवायला गेलं नाही. दगडू दोन महिने अंथरुणात कुजला, मग गेला.

पहिली फिल्म मी घरी आणून बंबात जाळली. भ्यालो होतो, आणि भ्यालो म्हणून दुसऱ्याला बुडवला.

लिंबाजीचं बरोबर होतं, हे बोरीत जाऊन सांगायला मला एक दिवस पुरला असता. मी कधीच गेलो नाही. आता तिथं त्याला ओळखणारंही कुणी उरलेलं नाही.