आत्याची वाकडी शीर

आत्याच्या मेंदूतली एक शीर जन्मापासूनच वेगळ्या वाटेने गेली आहे, असे सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आम्ही घाबरलो. आत्या मात्र खूश झाली. "हिचा काही त्रास नाही, औषधही नको. अशा शिरांवर आमचं संशोधन चाललंय, म्हणून वर्षातून एकदा डोक्याचा एमआरआय काढायला या," एवढेच डॉक्टर म्हणाले होते. रहिमतपूरला पोचेपर्यंत आत्याने त्याचा सोयीचा अर्थ लावून टाकला. पुढे कुणी उलट बोलले की ती म्हणायची, "माझ्याशी वाद घालू नगा. माझी शीर वाकडी हाय." त्याआधी ती कुणाचे ऐकत होती असे नाही, आता कारण मिळाले. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, फौजेतले. उभा जन्म सीमेवर काढलेल्या माणसाने या शिरेपुढे मात्र हत्यार टाकले.

मग गुडघे गेले. त्याच दवाखान्यात एक तरुण डॉक्टर झिजलेल्या गुडघ्यांना अगदी थोडे किरण देऊन दुखणे कमी होते का, ते तपासत होता. त्याने भीत भीत विचारले, तर आत्या म्हणाली, "द्या की. संशोधनाची मला सवय हाय."

किरणांचे मशीन होते कॅन्सरच्या विभागात. तिथे गावातल्या कुणीतरी तिला पाहिले आणि संध्याकाळपर्यंत गावाने तिला शेवटच्या पायरीवर नेऊन बसवले. लग्नातल्या मानपानावरून बोलणे टाकलेली धाकटी जाऊ शहाळी घेऊन रडत आली. मी खुणा करत होतो, पण आत्या डोळे मिटून पडून राहिली. जाऊ गेल्यावर म्हणाली, "कशाला सांगू? एवढं ग्वाड ती सोताच्या लग्नातबी बोलली न्हवती." खरे कळले तेव्हा जाऊ भडकली. पण तोवर येणेजाणे सुरू झाले होते; राग काढायलाही तिला घरी येऊन चहा घ्यावा लागला.

तपासणीला डॉक्टर विचारायचा, "आजी, दुखणं किती? दहापैकी सांगा."

"शून्य."

त्याचा चेहरा असा फुलायचा, की मलाही बरे वाटे. एकदा तिथून निघालो, तर जिन्यात आत्याने कठडा घट्ट धरला आणि कळ सोसत खालीच बसली.

"आत्या, दुखतंय? मग शून्य कशाला म्हणालीस?"

"थोडं कमी हाय रं. पण थोडं म्हटलं की पोराचं तोंड उतरतंय. लय जीव लावून करतंय ते."

"अगं, संशोधन आहे ते!"

"मग काय झालं? त्यालाबी आई आसंल की."

गेल्या थंडीत आत्या झोपेतच गेली. नंतर त्या डॉक्टरचा शोधनिबंध छापून आला. मी मामांना मराठीत सांगितले, "बऱ्याच जणांचं दुखणं गेलं, असं लिहिलंय." शेवटच्या दिवसापर्यंत रोज संध्याकाळी तिच्या गुडघ्यांना तेल चोळणारे मामा आपल्या तळहातांकडे बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "हिचं तर पारच गेलं हुतं."