फलकावरचा आकडा

एका विद्यार्थ्यामागे वर्षाला किती खर्च होतो, ते शाळेच्या दर्शनी फलकावर लिहायचा आदेश आला. गावाला कळावं म्हणून मी तो आकडा ठळक अक्षरांत लिहिला. पालक न बघताच पुढे गेले. चौथीतली सुरेखा मात्र थबकली.

“बाई, एवढे एकट्या माझ्यावर?”

“हो, प्रत्येकावर.”

ती घाबरलीच. “मग मी घरी राहिले तर वाचतील?”

मोठ्यांसाठी लिहिलेलं मुलंही वाचतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि घरी हिला खर्चावरून काय काय ऐकावं लागत असेल!

“अगं, तुझा हक्कच आहे तो,” मी म्हणाले. तिने शहाण्यासारखी मान हलवली.

दुपारी खिचडी वाढून घेताना ती हळूच म्हणाली, “मावशी, मला अर्धीच द्या.”