डाव्या कुशीची निळाई

नव्वदच्या दशकात सुरतेत, नवागामला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई मशीनवर गोधड्या शिवायची. बोलण्यावरून जालन्याकडची असावी. बाटिकचे कटपीस ओट्यावर पसरून ती मान तिरपी करून बघत बसायची. एवढं काय बघायचं, असं मला वाटे. पण रंगवताना मेण तडकून बाटिकवर ज्या बारीक रेघा उमटतात, त्यांच्यावरूनच तिची शिवण वाट काढत जायची, आणि शेजारच्या लूमचा खडखडाटही तेव्हा लांबून वाहणाऱ्या तापीसारखा वाटे.

लेक शिकायला पुण्याला निघाली, तेव्हा मी तिच्यासाठी गोधडी शिवायला टाकली. रंग, माप राहिलं बाजूला, बाईने विचारलं, “पोरगी कोणत्या कुशीवर झोपती, ताई?”

“डाव्या. भिंतीकडे तोंड करून.”

तिने सगळ्यांत गडद निळा तुकडा उचलला आणि उशीकडच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला.

“मग डोळा लागायच्या आधी तिला हे दिसंल,” म्हणाली, आणि मशीनचं चाक फिरवलं.

लेक गोधडी घेऊन गेली. त्यानंतर दुपारी कधीतरी मी तिच्या खाटेवर डाव्या कुशीवर पडायचे. समोर नुसती भिंत असायची.