सुभद्राआजीचं नाव

माझी लेक प्रार्थना करीनाशी झाली, त्याला मीच कारण होते. हे कळायला मला फार दिवस लागले.

आम्ही अकोल्याचे. सलोमी चौदा वर्षांची असताना सांधेज्वरानं तिच्या हृदयाची झडप दुखावली आणि शाळा सुटली. मी पूर्वी मराठीची शिक्षिका होते, म्हणून तिला घरीच शिकवू लागले. जुनं वाङ्मय, त्यातही संतकवयित्रींचे अभंग, मला जिवापाड आवडतं. पण आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काहींना ते खटकायचं, आणि या वाचनानं लेक प्रभूपासून दुरावेल की काय, अशी भीती माझ्याही मनात होती. म्हणून दर दोन ओळींनी मी तिला थांबवायचे. यात पाप कुठं दिसतं, कृपा कुठं दिसते, प्रभू यावर काय म्हणेल? एके दुपारी तिनं पुस्तक मिटलं. "आई, ती बाई देवासाठी रडून राहिली, अन् तू मले तिचं रडनंच ऐकू देत नाही." त्या दिवसापासून घरच्या प्रार्थनेत ती नुसती मान खाली घालून बसायची. तिच्या तोंडून एकदा "प्रभू" ऐकावं म्हणून माझे कान आसुसले होते.

तपासणीसाठी आम्ही अमरावतीच्या दवाखान्यात जायचो. एकदा डॉक्टर यायला उशीर झाला. सलोमीनं एका संतकवयित्रीचे अभंग काढले आणि पुटपुटत वाचू लागली. बाकावर शेजारी हिवरखेडची एक म्हातारी बसली होती, भावाला घेऊन आलेली. ती म्हणाली, "मोठ्यानं वाच न माय. मले वाचता येत नाही." सलोमी वाचत गेली, आणि म्हातारी पुढची ओळ आधीच म्हणू लागली. सगळं तिला तोंडपाठ होतं. मग एकाएकी तिचा आवाज थांबला.

"माही पोरगी गेली तवा मी तिच्यापाशी नोती," ती म्हणाली. "देवाले किती हाका मारल्या. त्यानं ऐकल्या का नाही, कोन जाने."

माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं. शिकवायची सवयच ती. पण का कोण जाणे, त्या क्षणी मला बोलवेना. सलोमीनं पुस्तक मांडीवर ठेवलं आणि म्हातारीचा हात धरला. "आजी, मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का? आमी ख्रिस्ती आहो."

"कर न माय. तुया देवाले मायं नाव सांग. सुभद्रा म्हन."

माझ्या लेकीनं डोळे मिटले. "प्रभू, ही सुभद्राआजी आहे. तिची हाक ऐक." एवढंच. मी पदर तोंडाशी धरला.

पुढच्या खेपांना मी सुभद्राआजीला त्या बाकांवर पुष्कळ शोधलं. ती पुन्हा दिसली नाही. तिला प्रभूनंच तिथं आणून बसवलं, असं मी कुणाला पटवायला जात नाही. माझ्यापुरतं मला ठाऊक आहे.

आता घरी सलोमी कविता शेवटपर्यंत वाचते आणि मी ऐकते. कधी ती आपणहून काही विचारते, कधी दोघी गप्प राहतो. माझ्यासमोर तिनं पुन्हा मोठ्यानं प्रार्थना केलेली नाही. ती ऐकायची माझी ओढ अजून आहे, रोज आहे. पण जे मी दोन वर्षं बोलून साधू शकले नाही, ते प्रभूनं त्या दिवशी माझं तोंड बंद करून साधलं. त्याचे उपकार मानून मी लेकीला त्याच्या हाती सोपवते आणि वाट पाहते.