काचवाले सर आणि तापीतले सकर

काचवाले सर दिवसभर सगळं दोनदा बोलत. पट घटला म्हणून आमची बुऱ्हाणपूरची मराठी शाळा शेजारच्या हिंदी शाळेत विलीन झाली, तेव्हापासून विज्ञानाचं एकेक वाक्य आधी मराठीत, मग हिंदीत. चौथ्या तासाला आवाज बसलेला असे. मी तिथेच भाषा शिकवायची. ‘सर, थोडं टेका’ म्हटलं की म्हणत, “बसलो की उठवत नाही, बाई.”

‘काचवाले’ हे नाव पडलं जुन्या शाळेतल्या काचेच्या टाकीमुळे. तीत त्यांनी इंदूरहून आणलेले दोन सकर मासे होते. अंगभर खरखरीत हाडांचं चिलखत, तोंड खालच्या अंगाला. काचेला चिकटून शेवाळ खरवडत राहायचे. “आमच्या खात्यातले आहेत,” सर म्हणत. “फळा पुसतात, तक्रार करत नाहीत.”

नव्या शाळेत टाकीला जागा मिळाली नाही. सरांचं घर दोन खोल्यांचं, आणि वीतभर वाढलेले मासे कुणी घेईना. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी ते बादलीतून नेऊन तापीत सोडले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “सुटले बिचारे.”

काही वर्षांनी तापीत मासेमारी करणारा सुपडू भोई फडक्यात एक मासा गुंडाळून शाळेत आला. “सर, हा कोणता मासा आहे? काटे जाळ्यात असे फसतात की जाळं कापल्याशिवाय निघत नाही. बाजारात कोणी घेत बी नाही.”

सरांनी माशाच्या खरखरीत चिलखतावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “माझा आहे.”

सुपडू हसला. सर हसले नाहीत.

“दोन माशांनी एवढी तापी भरते का?” मी नंतर समजावलं. “आणखी कितीतरी जणांनी सोडले असतील.”

“असतील. मी सोडले, एवढं मला ठाऊक आहे.”

त्या रविवारपासून सर घाटावर बसून सुपडूची फाटकी जाळी विणू लागले. सुरुवातीला सुपडूची बायको त्यांच्या गाठी सोडून पुन्हा मारायची. पुढे तिने ते थांबवलं. निवृत्तीनंतरही त्यांचा रविवार चुकला नाही. बोटं चिरलेली, पाठ वाकलेली. “थकत नाही का?” मी एकदा विचारलं. “थकतो. घरी बसून जास्त थकतो.”

सर गेले, तेव्हा घाटावर कळवायचं कुणालाच सुचलं नाही. पुढे एका सोमवारी सुपडू शाळेच्या फाटकाशी उभा दिसला.

“बाई, दोन इतवार झाले, सर आले नाहीत. तब्येत बरी आहे ना त्यांची?”

मी सांगितलं. तो तिथेच उकिडवा बसला.

“आम्ही किती वेळा बोललो त्यांना,” तो म्हणाला, “सर, तुमची काही गलती नाही. नुसती मान हलवायचे, अन् पुढची गाठ मारायचे.”